राजकीय हत्या आणि कटाच्या थिअऱ्या : धरमपेठेतल्या रविवारच्या इतिहास वर्गाचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगून टाकतो. नागपुरात शंकर नगर चौकाजवळ एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी इतिहासाचा वर्ग चालतो, दोन रिटायर्ड प्राध्यापक मिळून घेतात, एक मॅडम आणि एक सर, संस्था नाही, बोर्ड नाही, ओळखीओळखीतूनच लोक येतात. या वेळच्या बॅचचा विषय होता राजकीय हत्या आणि त्यांच्याबद्दलच्या कटाच्या थिअऱ्या, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी शिकवणाऱ्यांनी या थिअऱ्यांना उत्तर द्यायचं तर कसं. फी पंधराशे, त्यात झेरॉक्स नोट्स आणि मधल्या सुट्टीतला चहा. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते खाली येईलच.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, बँकेत आहे. पण आपल्याकडे घरोघरी, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ग्रुपवर या गोष्टी रोज चालू असतात, शास्त्रीजींना विष दिलं, नेताजी विमानात नव्हतेच, गांधींना चौथी गोळी दुसऱ्याच कोणी मारली, आणि प्रत्येक वेळी दोनच प्रकारचे लोक भेटतात, एक म्हणजे सगळं खरं मानणारे आणि दुसरे सगळ्याला हसणारे. माझं कॉलेजातलं पोरगं पहिल्या गटात जाऊन राहिलं होतं आणि मला त्याच्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून नाव नोंदवलं.

पहिल्याच तासाला मॅडमनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी सुरुवात खोट्या थिअऱ्यांपासून केलीच नाही, खऱ्या कटांपासून केली. लिंकनची हत्या घ्या म्हणाल्या, १४ एप्रिल १८६५. बूथने थिएटरमध्ये लिंकनला गोळी घातली त्याच रात्री त्याचा साथीदार पॉवेल परराष्ट्रमंत्री सुअर्डच्या घरात घुसून त्याच्यावर चाकूने वार करत होता, आणि तिसऱ्यावर उपाध्यक्ष जॉन्सनला मारायची जबाबदारी होती पण ऐन वेळी त्याचं धैर्य गेलं. पुढे खटला चालला आणि ७ जुलैला चौघांना फाशी झाली. हा कटच होता की नाही? मग लुमुम्बा. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा १७ जानेवारी १९६१ ला मारले गेले, यात बेल्जियमचा हात आहे असं लोक किती वर्षं म्हणत होते, शेवटी तिथल्या एका संशोधकाने सरकारी कागद खणून पुस्तक लिहिलं, संसदेने चौकशी बसवली, २००१ मध्ये बेल्जियमवर नैतिक जबाबदारी येते असा निष्कर्ष आला आणि २००२ मध्ये सरकारने माफी मागितली. म्हणजे "हा सगळा कट आहे" असं म्हणणारा माणूस कधीकधी बरोबर असतो. इतिहासवाल्याने हे आधी मोकळेपणाने कबूल केलं नाही तर समोरचा माणूस पुढचं काही ऐकतच नाही, कारण त्याला वाटतं हे लोक सरकारचीच बाजू घेऊन राहिले. माझ्या पोराच्या बाबतीत मला हेच लक्षात आलं.

त्याच तासाला एक कागद हातात दिला. वर दावा लिहायचा आणि खाली तीन रकाने, नक्की काय, बहुधा काय, आणि अजून उघडं काय. दावा पहिल्यांदा कोणी केला, घटनेनंतर किती वर्षांनी केला, कशाच्या आधारे केला, आणि तो खरा ठरला तर कोणाचं फावतं, हे बाजूला लिहायचं. एवढंच. पण पूर्ण बॅचभर प्रत्येक प्रकरण याच कागदावर मांडलं आणि मला वाटतं फी याच कागदाची होती.

दुसऱ्या वेळी सरांनी नागपूरचं प्रकरण घेतलं आणि सगळा हॉल सरसावून बसला. परसोजी भोसले! आपण नागपूरच्या महाल भागात राहतो, भोसल्यांचे वाडे बघत मोठे झालो आणि हे प्रकरण आपल्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. रघुजी दुसरे १८१६ च्या मार्चमध्ये वारले, गादीवर आले त्यांचे चिरंजीव परसोजी, ते शरीराने आणि मनाने दुबळे, म्हणून कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे गेला. १ फेब्रुवारी १८१७ ला सकाळी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला गेलेले. मृत्यू नैसर्गिक मानला गेला आणि आप्पासाहेब गादीवर बसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई झाली, इंग्रज जिंकले, आणि १८१८ मध्ये आप्पासाहेबांना पकडल्यावर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेनकिन्सने पुरावा पुढे आणला की परसोजींचा खून झाला होता आणि तो आप्पासाहेबांनी करवला.

आता विचार करा. पुरावा कधी पुढे आला? इंग्रजांना आप्पासाहेबांना गादीवरून काढायचं होतं तेव्हा. कोणी गोळा केला? ज्यांचा फायदा होणार होता त्यांनीच, कारण पुढे लहान रघुजी तिसऱ्यांना गादीवर बसवून राज्य इंग्रजांनीच चालवलं. म्हणून खून झालाच नाही असं म्हणायचं का? सर म्हणाले नाही, इथेच थांबा. फायदा कोणाला झाला यावरून शंका घेता येते, निकाल देता येत नाही. आप्पासाहेबांनाही परसोजींच्या मरणाचा फायदा झालाच की, गादीच मिळाली. आणि मरताना ते गावात नव्हते हे त्यांच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे प्रत्येक जण आपापल्या कलाने ठरवतो. म्हणून रकान्यात लिहायचं की परसोजींचा मृत्यू १ फेब्रुवारीला झाला हे नक्की, खून झाला असणं बहुधा खरं, पण साक्षी ज्या हातांतून आल्या ते हात स्वच्छ नव्हते ही गोष्ट शेजारीच लिहायची, लपवायची नाही. पाठीमागच्या एका ताईंनी विचारलं, मग पुस्तकात सरळ "आप्पासाहेबाने खून केला" असं काहून लिहून ठेवतात? सर म्हणाले लिहिणाऱ्याला घाई असते म्हणून. सरळ उत्तर, मला पटलं.

याच्याच जोडीला नारायणराव पेशव्यांचा खून आला, ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी. राघोबांनी फक्त धरायला सांगितलं होतं आणि आनंदीबाईंनी कागदावर फेरफार करून मारायला लावलं ही गोष्ट आपल्याला आईच्या मांडीवरच कळते. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती आहे, पण तो इतिहास १८२६ चा, म्हणजे खुनानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी छापलेला, आणि तो कागद आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी धरलं हे मोठं सत्य मागे पडलं आणि अडीचशे वर्षं बोट राहिलं एका बाईकडे. मॅडम हे सांगताना चिडल्या होत्या आणि त्यांचं चिडणं मला योग्य वाटलं.

गांधीहत्येचा तास म्हणजे या बॅचचा सगळ्यात भारी तास, आणि नागपुरात हा विषय काढायला हिंमत लागते. ४ फेब्रुवारी १९४८ ला संघावर बंदी आली, जुलै १९४९ मध्ये उठली, त्या दिवसांत इथे जाळपोळ झाली, लोक पकडले गेले, त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात आजोबांची एक आवृत्ती आहे आणि हॉलमध्ये दोन्हीकडच्या आजोबांची नातवंडं बसलेली होती. मॅडमनी पहिलंच वाक्य असं टाकलं की इथे कट होता का यावर वादच नाही, कट होता हे लाल किल्ल्यात विशेष न्यायालयाने सिद्ध केलंय. न्यायमूर्ती आत्माचरण, निकाल १० फेब्रुवारी १९४९. नथुराम आणि आपटेला १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याला फाशी. करकरे, मदनलाल, गोपाळ गोडसे यांना जन्मठेप. सावरकर निर्दोष सुटले, कारण माफीचा साक्षीदार बडगे जे सांगत होता त्याला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाली नाही. मग १९६४ मध्ये गोपाळ गोडसे सुटल्यावर पुण्यात सत्कार झाला, त्यात टिळकांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की आपल्याला आधीच कुणकुण होती, गदारोळ झाला, आयोग बसला, न्यायमूर्ती कपूर आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये आला. त्यात सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या कटाशिवाय दुसरी कुठलीही थिअरी टिकत नाही अशा अर्थाचं वाक्य आहे. सावरकर तोवर वारले होते, फेब्रुवारी १९६६ मध्ये.

मॅडमनी दोन्ही कागद एकाच पानावर झेरॉक्स करून दिले होते. कोर्टाचा निकाल हा कोर्टाचा निकाल, त्याला कायद्याचं वजन आहे. आयोगाचा अहवाल म्हणजे शिक्षा नाही, पण आयोगापुढे असे जबाब आले जे कोर्टापुढे आलेच नव्हते, सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांचे मुंबई पोलिसांनी १९४८ मध्ये घेतलेले जबाब. एक बाजू फक्त पहिला कागद दाखवते, दुसरी फक्त दुसरा. इतिहासवाल्याने दोन्ही दाखवायचे आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. हॉलमध्ये आवाज चढले, एक भाऊ उठून गॅलरीत गेले, परत आले, पण वर्ग मोडला नाही, कारण प्रत्येकाच्या हातात दोन्ही कागद होते.

मग चौथी गोळी, कारण नथुरामने तीनच झाडल्या असं निकाल सांगतो. मुंबईच्या एका संशोधकाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता की तपास पुन्हा करा, चौथी गोळी होती, दुसरा मारेकरी होता. कोर्टाने हसण्यावारी नेलं नाही, अमरेंद्र शरण या ज्येष्ठ वकिलांना न्यायमित्र नेमलं, त्यांनी जुने कागद तपासून सांगितलं की पुन्हा तपासाला आधार नाही, आणि २८ मार्च २०१८ ला अर्ज फेटाळला. खंडपीठावर आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. सर म्हणाले इतिहासवाल्यानेही असंच वागावं, आधी कागद तपासायचा, मग नाही म्हणायचं, आणि नाही म्हणताना का ते लिहून द्यायचं.

पण माझ्या डोक्यात घर करून बसली ती या तासातली दुसरीच गोष्ट. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसमध्ये मदनलालने स्फोट केला आणि तो जागीच पकडला गेला. त्याने साथीदारांबद्दल सांगायला सुरुवात केली, त्यातला एक मराठी पेपरचा संपादक आहे इथपर्यंत माहिती आली. मुंबईत प्राध्यापक जैन स्वतः जाऊन मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना सांगून आले की हा मदनलाल माझ्याशी असंअसं बोलला होता. दहा दिवस हातात होते. दिल्ली पोलीस, मुंबई पोलीस, एकमेकांना निरोप, आणि ३० जानेवारीला संध्याकाळी तोच संपादक, म्हणजे नथुराम, प्रार्थनासभेत गांधींच्या समोर उभा राहिला. कपूर आयोगाने हे सगळं पानोपानी मांडलंय. चौथी गोळी आणि अदृश्य मारेकरी शोधत बसलं की या दहा दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही. ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही, हे सत्य थिअरीपेक्षा जास्त राग आणणारं आहे, आणि इतिहासवाल्यांनी लोकांचा राग तिकडे वळवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. मॅडम हे एवढ्या थेट बोलल्या नाहीत, मी बोलतोय.

केनेडीचा तास लांबला. गरजेपेक्षा फारच लांबला, हेही सांगून ठेवतो. डॅलस, २२ नोव्हेंबर १९६३, ओस्वाल्डने एकट्यानेच तीन गोळ्या झाडून मारलं म्हणणारा वॉरन आयोगाचा ८८८ पानांचा अहवाल, गोळ्यांचे कोन, गाडीत गव्हर्नर कॉनलींची सीट किती आत आणि किती खाली, अर्धा हॉल जांभया देऊन राहिला होता. पण त्यातली छत्रीवाल्याची गोष्ट मात्र सोन्यासारखी. त्या दिवशी डॅलसला ऊन पडलेलं आणि केनेडींची गाडी जिथून गेली तिथे एक माणूस काळी छत्री उघडून उभा. फोटोत स्पष्ट दिसतो. लोकांनी ठरवलं की हा इशारा देतोय, काहींनी तर छत्रीतच बंदूक आहे म्हटलं. १९७८ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे तो माणूस स्वतः आला, लुई विट त्याचं नाव, आणि सांगितलं की केनेडींच्या वडिलांनी हिटलरपुढे नमतं घेणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनची बाजू घेतली होती, छत्री ही चेंबरलेनची खूण, म्हणून निषेधाला आणली होती. असं उत्तर घरी बसून कोणाला सुचलं असतं? फोटोतली विचित्र गोष्ट खरीच होती, शंका घेणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, तिचं कारणही होतं, फक्त ते कटाशी संबंधित नव्हतं.

आणि त्याच समितीने १९७९ मध्ये निष्कर्ष काढला की बहुधा कट होता, पोलिसांच्या रेडिओच्या रेकॉर्डिंगवर चौथ्या गोळीचा आवाज आहे, म्हणजे दुसरा कोणी झाडणारा होता, म्हणून. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने ते रेकॉर्डिंग तपासून सांगितलं की ते आवाज त्या क्षणाचे नाहीतच. म्हणजे सरकारी समितीसुद्धा चुकते, दोन्ही दिशांनी चुकते. आणि कागद दाबून ठेवल्याने संशय वाढतो हेही तिथलंच उदाहरण, १९९२ मध्ये कायदा केला की पंचवीस वर्षांत सगळं उघड करू, २०१७ उजाडलं तरी काही राखून ठेवलं, २०२५ मध्ये आणखी पानं बाहेर काढावी लागली. हे अर्ध्या तासात झालं असतं. उरलेल्या वेळात राजीव गांधींचं प्रकरण घ्यायला हवं होतं, श्रीपेरुंबुदुर, २१ मे १९९१, जिथे स्फोटात मेलेल्या फोटोग्राफरचा कॅमेरा शाबूत राहिला आणि त्या रोलवरून तपास पुढे सरकला. पुरावा काय असतो हे याच्याइतकं कशातून समजेल? ते बॅचमध्ये नव्हतंच, पुढच्या वेळी ठेवा.

आता तो कापलेला स्टार. एका रविवारी पाहुणे वक्ते होते, विषय होता आपल्या देशातल्या अफवा. प्रश्नोत्तरात एक काका उभे राहिले, रेल्वेतून रिटायर झालेले, वय सत्तरीच्या पुढे, आणि त्यांनी हात जोडून विचारलं की शास्त्रीजींचं शवविच्छेदन का नाही केलं हो? पाहुणे हसले. म्हणाले ही व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी इथे नको. हॉलमधले काही जणही हसले. काका खाली बसले आणि चहालाही थांबले नाहीत. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ज्या वर्गाचा विषयच हा आहे की अशा प्रश्नाला कसं उत्तर द्यायचं, तिथे त्या प्रश्नाला असं उत्तर मिळालं. त्या काकांनी शास्त्रीजींच्या सांगण्यावरून सोमवारी रात्रीचं जेवण सोडलेल्या घरात बालपण काढलं असणार, त्यांच्यासाठी तो घरातला मृत्यू आहे.

श्रेय द्यायचं तिथे देतो, मॅडमनी त्या काकांना फोन करून परत बोलावलं आणि पुढच्या रविवारी पहिला तास त्यांच्या प्रश्नाला दिला. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री, म्हणजे ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजी गेले. त्यांना आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हे नक्की. शवविच्छेदन झालं नाही, हेही नक्की. जेवण आपल्या राजदूतांच्या आचाऱ्याने केलं होतं आणि रशियनांनी आचारी-वाढप्यांना पकडून चौकशी केली, म्हणजे विषाची शंका त्या रात्री खुद्द रशियनांनाच आली होती. २००९ मध्ये माहिती अधिकारात विचारलं तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने सांगितलं की एक कागद आहे पण परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून देता येत नाही. काका, तुमचा प्रश्न शंभर टक्के खरा आहे आणि तो विचारणं तुमचा हक्क आहे, मॅडम म्हणाल्या. पण शवविच्छेदन झालं नाही यातून विष दिलं असं निघत नाही, आणि अमक्याने दिलं असं तर अजिबात निघत नाही, प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा लागतो. काकांनी स्वतः फळ्यावर जाऊन तिसऱ्या रकान्यात, उघड्या प्रश्नांत, तो प्रश्न लिहिला. मी त्या तासाला सहा स्टार देईन. कापलेला एक मात्र कापलेलाच राहील, कारण पाहुणे बोलावताना एवढं तरी बघायला हवं.

शेवटच्या तासात माईसाहेब आंबेडकरांचा विषय आला. दीक्षाभूमीच्या गावात यावर बोलणं किती नाजूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली तेव्हा माईसाहेब शेजारी होत्या, त्यांनीही दीक्षा घेतली, आणि दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुःख एवढं मोठं होतं की कारण शोधलं गेलं आणि संशय पत्नीवर आला, त्याही डॉक्टर होत्या म्हणून जास्तच आला. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं गृहमंत्री पंतांनी संसदेत सांगितलं. बाबासाहेब कित्येक वर्षं मधुमेहाने आजारी होते. तरी माईसाहेबांच्या वाट्याला वर्षानुवर्षांचा एकांतवास आला, २००३ मध्ये त्या वारल्या. सरांनी इथे आवाज न चढवता एवढंच म्हटलं की कटाच्या थिअरीत ज्याच्याकडे बोट दाखवतो तो जिवंत माणूस असतो, आणि इतिहासवाला गप्प बसला तर त्याची बाजू मांडायला कोणीच उरत नाही. एक आजी, ज्यांनी तो काळ पाहिलाय, म्हणाल्या आमच्या वस्तीत तर हे खरंच मानत होते बाप्पा. कोणी त्यांना टोकलं नाही. सरांनी विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं? त्या बराच वेळ आठवत राहिल्या.

बाकी सोयींचं थोडक्यात. हॉलमध्ये कूलर एकच, उन्हाळ्यात भल्ली गर्मी होते, खिडकीकडची जागा पकडा. झेरॉक्स काही पानं इतकी फिकी की कपूर आयोगाचा उतारा भिंग घेऊन वाचावा लागला, पंधराशे रुपयांत नीट कॉपी द्यायलाच पाहिजे. पार्किंग नाही, मेट्रोने या, शंकर नगर स्टेशनवरून चालत जवळ आहे. लिफ्ट बंद असते, म्हाताऱ्या माणसांना जिना जड जातो, यावर काहीतरी करा. चहा चांगला. सर बोलताना तारखा भरभर सांगतात, वही घेऊन जा.

कोणी जावं? शिक्षकांनी नक्की जावं, शाळेत पोरं आता हेच विचारून राहिली आहेत आणि "पुस्तकात नाही" हे उत्तर चालत नाही. ज्यांना वाटतं की आपल्याला सगळं खरं कळलंय त्यांनीही जावं, कोणी अपमान करणार नाही, पाहुणे नसतील तर. कॉलेजच्या मुलांना अर्धी फी आहे. माझ्या पोराला मी तो तीन रकान्यांचा कागद दिला, त्याने नेताजींच्या विमानाचं प्रकरण घेतलंय, शाहनवाज समिती, खोसला आयोग, मुखर्जी आयोग, पहिल्या दोघांनी अपघात मानला आणि तिसऱ्याने नाही, आणि सरकारने तिसऱ्याचं ऐकलं नाही, तर आता लिहायचं काय यावर आमचं रात्री उशिरापर्यंत चालू असतं. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं मॅडम म्हणाल्या, जागा चाळीसच, पोराची नोंदणी मी करून टाकली आहे.